चुकून झालं, वहिनी



आज मला एका वाक्याशी भांडायचं आहे. "चुकून झालं वहिनी, पुट्टी मारून देतो, दिसणारसुद्धा नाही." आर्वीत ज्या ज्या घरी गेल्या काही वर्षांत न्हाणीघर नव्यानं झालं, तिथल्या बाईनं हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. गिझर बसवायला माणूस येतो, किंवा पाणी शुद्ध करायचं मशीन, किंवा साधी टॉवेलची दांडी. ड्रिल भिंतीत शिरतं, आतल्या पाइपला लागतं, टाइलमधून पाण्याची धार येते. मग धावपळ, चिंध्या कोंबणं, टाकीचा कॉक शोधणं. अर्ध्या तासानं धार थांबलेली असते, भोक बुजलेलं असतं आणि वरून व्हाइट सिमेंट. घरातले पुरुष म्हणतात, झालं ना नीट, आता विषय संपव.

विषय तिथून सुरू होतो. ड्रिल लागलं तो अपघात, मान्य. भिंतीच्या आत पाइप कुठून गेलाय हे त्या माणसाला दिसत नव्हतं. पण त्यानंतर जे केलं त्यात अपघात काहीच नव्हता. पाइपला भोक आहे हे माहीत असून त्याच्यावर लेप लावला आणि टाइल चकचकीत केली. याला दुरुस्ती म्हणू नका. हे लपवणं आहे.

भोक बुजवलं की पाणी थांबतं असं आपल्याला वाटतं, कारण धार दिसेनाशी होते. पण पाइपात पाण्याचा दाब असतो. टाकी नळाच्या १० मीटर वर असेल तर साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, एका मजल्याच्या घरात त्याच्या निम्म्याच्या आसपास. हा दाब दिवसरात्र त्या लेपावर बसलेला असतो. गिझरच्या लाइनला पाइप गरम होतो, गार होतो, थोडा लांबतो, थोडा आखडतो. लेप त्याच्याबरोबर लांबत नाही. कडेनं केसाएवढी फट पडते आणि पाझर सुरू होतो. सेकंदाला एक थेंब धरा आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे रोज चार लिटरच्या वर पाणी, महिन्याला जवळजवळ १३० लिटर. हे सगळं भिंतीनं पिऊन घ्यायचं. आपण मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालतो. आणि इकडे भिंत महिन्याला सहा-सात बादल्या गिळते, त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

आपल्या घरांत पाणी गाळल्याशिवाय चुलीवर चढत नाही. गाळण्याचं कापड दुहेरी असावं, जाड असावं, गाळल्यावर उरलेली जीवाणी जिथलं पाणी तिथेच हळूच सोडावी, हे आपल्या सासवांनी आपल्याला शिकवलं. पाण्याच्या थेंबालाच आपण जीव मानतो, अप्काय. बादली भरून वाहू लागली तर घरातलं लहान पोरसुद्धा ओरडतं. मग भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्याबद्दल आपली जीभ का उचलत नाही? दिसत नाही म्हणून? दिसत नाही ते जपायचं, हेच तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना भर दिला तो प्रमादावर. बेसावधपणे, निष्काळजीपणे वागून जीवाचा घात होणं म्हणजे हिंसा. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यात पाचवा प्रमादचर्या, आणि तिथे विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण जमीन उकरणं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रवचनात हे ऐकून आपण माना डोलावतो. घरी येऊन ओल्या भिंतीसमोर कपाट सरकवतो म्हणजे पाहुण्यांना दिसू नये. ड्रिलवाल्याचा हात सटकला ते चुकून. नंतर भोक लपवलं तो प्रमाद. आणि ओल दिसल्यावर आपण कपाट सरकवलं, तो कोणाचा?

ओल वाढली की काय काय येतं ते सांगायला नको. आधी रंग फुगतो, मग पोपडे पडतात, मग पांढरा लोणा. हा लोणा म्हणजे विटांतले आणि सिमेंटातले क्षार, पाण्याबरोबर बाहेर येऊन वाळलेले. त्यानंतर कोपऱ्यात काळी बुरशी. मग चिलटं, झुरळं, गोम, आणि दाराची चौकट लाकडी असली तर वाळवी. ज्या काई-बुरशीला आपण अनंतकाय म्हणून हात लावत नाही, ती आपणच भिंतीत वाढवतो आणि दर दिवाळीला खरवडून, वर ब्लीचिंगचं पाणी मारतो. एक जोड नीट केला असता तर यातलं काही करावं लागलं नसतं. शिवाय त्याच भिंतीतून विजेच्या वायरचा पाइप गेलेला असतो. ओल्या भिंतीवरच्या बटनाला हात लावून झिणझिण्या आल्या तर तो विषय हसण्यावारी नेऊ नका. आधी मेन स्विच बंद करा. घरात गळतीचा करंट पकडून वीज तोडणारा स्विच नसेल तर पहिल्यांदा तो बसवून घ्या, आरसीसीबी म्हणतात त्याला, घरासाठी ३० मिलिअँपिअरचा.

आमच्या ओळखीतल्या एका घरी स्वयंपाकघरात पाण्याचं मशीन बसवलं. बसवणाऱ्यानं पाइपला भोक पाडलं आणि बुजवून निघून गेला. भिंतीच्या पलीकडे देवाच्या कामाचे धूतवस्त्र ठेवायचं कपाट. चार-पाच महिन्यांनी धोतर-दुपट्ट्यांना कुबट वास यायला लागला. पहिला आरोप कोणावर? सुनेवर. कपडे नीट वाळवत नाही, ओले घड्या घालते. तिनं दोन वेळा कपाट रिकामं केलं, ऊन दाखवलं, कापूर ठेवला. शेवटी कपाटाची पाठ सडून निघाली तेव्हा भिंत दिसली. तोवर त्या बाईनं ऐकायचं ते ऐकून घेतलं होतं. नंतर तिची कोणी माफी मागितली असं मी ऐकलेलं नाही. भिंतीतल्या गळतीचा भुर्दंड पैशात मोजतात, पण घरात तो असाही वसूल होतो आणि बहुतेक वेळा बाईकडूनच होतो. म्हणून या कामाची माहिती बाईला हवी असं माझं म्हणणं आहे. "ते प्लंबर बघेल" हे उत्तर मला पुरत नाही.

तर खरी दुरुस्ती काय असते ते नीट बघू. मी हे एका चांगल्या प्लंबरभाऊंच्या शेजारी स्टूल टाकून बसून पाहिलंय, प्रश्न विचारून विचारून त्यांचा जीव खाल्ला.

ड्रिल किंवा स्क्रू पाइपात गेलाय असं वाटलं तर तो लगेच ओढून काढायचा नाही. तोच त्या भोकाचं बूच असतो. आधी टाकीचा कॉक बंद, मग घरातला सगळ्यात खालचा नळ उघडा ठेवून लाइन रिकामी करायची, मग स्क्रू काढायचा. टाकीचा कॉक कोणता हे कळलंच पाहिजे. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, कॉकमध्ये क्षार साचून तो जागच्या जागी धरतो. ऐन वेळी फिरत नाही, फिरवला तर दांडी तुटते. दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक कॉक पूर्ण बंद-चालू करून ठेवायचा. वर चढायचं नसेल तर पोराला पाठवा, पण करून घ्या.

मग भिंत फोडायची. इथेच सगळे मागे हटतात, कारण टाइल फुटते आणि त्या रंगाची टाइल आता मिळत नाही. फोडावी लागते, इलाज नाही. भोकाच्या दोन्ही बाजूंना वीतभर पाइप मोकळा दिसायला हवा, पाइपच्या मागेही बोट जाईल एवढी जागा हवी. भोक पडलेला तुकडा सरळ कापून काढून टाकायचा आणि त्या जागी नवा तुकडा दोन कपलर घालून जोडायचा. भिंतीत पक्का बसलेला पाइप मागे-पुढे सरकत नाही, म्हणून आणखी थोडी झिरी वाढवून पाइपला वाकायला जागा करतात, नाहीतर सरकणारा दुरुस्तीचा कपलर वापरतात. ज्याला हा प्रश्नच पडत नाही, जो थेट लांबी मळायला घेतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. एमसील उघड्या नळावर एक रात्र काढायला ठीक आहे. भिंतीच्या आत त्याचं काम नाही.

पाइप कोणता आहे हेही बघायचं. बदामी रंगाचा सीपीव्हीसी, गरम-गार दोन्ही पाण्याला चालतो, त्याचं मानक आयएस १५७७८, पाइपवरच छापलेलं असतं. पांढरा यूपीव्हीसी फक्त गार पाण्यासाठी. गिझरच्या लाइनला तो घातला तर नरम पडतो, आणि तरी तो घालणारे आहेत. दोघांचं सोल्यूशनही वेगवेगळं. हिरवा पीपीआर असेल तर तो सोल्यूशननं जोडला जात नाही, मशीननं तापवून जोडावा लागतो. आणि पाइपचं टोक गॅसवर धरून, फुगवून त्यात दुसरा पाइप कोंबणारे कारागीर मी डोळ्यांनी पाहिलेत. दहा रुपयांचा कपलर वाचवायला पाइपची भिंत पातळ करून ठेवतात, आणि नेमका तिथेच तो पुढं फुटतो.

सोल्यूशन लावायच्या आधी पाइप कोरडा हवा. आतून थेंब थेंब येत असेल तर तो जोड धरत नाही, धरल्यासारखा वाटतो. कापलेल्या टोकाची कूस घासून काढायची, पुसायचं, दोन्हीकडे सोल्यूशन लावायचं, आत ढकलून थोडं फिरवायचं आणि अर्धा मिनिट तसंच दाबून धरायचं. मग थांबायचं. किती थांबायचं ते डब्यावर छापलेलं असतं, थंडीत जास्त. वीस मिनिटांत कॉक उघडून "बघा, गळत नाही" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पाणी सोडल्यावर भिंत तशीच उघडी ठेवायची, निदान एक दिवस आणि एक रात्र. जोडाला कोरडा टिश्यू किंवा वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळून ठेवला तर सकाळी कळतं. मगच गिलावा, मगच टाइल.

जुन्या घरांत लोखंडी जीआय पाइप आहेत. त्यांची गोष्ट वेगळी. ते आतून गंजलेले असतात, एका जागी छन्नी मारली की दणक्यानं दोन हात पुढचा जोड सुटतो. त्यांच्यात तुकडे जोडत बसण्यात अर्थ नाही. ती लाइन तोंडाशी बंद करून सोडून द्यावी आणि नवी टाकावी.

आणि नवी टाकायची तर भिंतीतच का? हा प्रश्न विचारला की घरात सगळे माझ्याकडे असे बघतात जणू मी न्हाणीघरात चूल मांडायला सांगितली. बाहेरून गेलेला पाइप म्हणे गरिबाघरचा दिसतो. आर्वीतल्या जुन्या वाड्यांत पाइप भिंतीवरून उघडे जायचे, गळाला तर दिसायचा, चावी लावून आवळता यायचा. आता दिसतो तो फक्त चकचकीत नळ, आणि त्यामागचं सगळं गूढ. उन्हात सीपीव्हीसी पडून राहिला तर कडक होऊन तडकतो, तेवढा रंग मारून घ्यावा लागतो किंवा सावलीच्या बाजूनं न्यावा लागतो. बाकी उघड्या पाइपात वाईट काय आहे हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

लपवायचाच असेल तर लपवण्याची रीत आपल्या लोकांना एके काळी माहीत होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून पुण्याला शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला. शहरातल्या हौदांना त्यातून पाणी मिळे. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. नावच बघा किती छान, नळाला श्वास घ्यायची जागा. हवा बाहेर पडावी, माणसाला आत डोकावता यावं, गाळ काढता यावा म्हणून. त्याच्याही आधी औरंगाबादेत मलिक अंबरनं नहर बांधली, तिथेही जमिनीखालचं पाणी तपासायच्या जागा ठेवल्या. मैलोन्‌मैल लांबीचा नळ पुरणाऱ्यांना हे सुचलं, आणि आठ बाय पाचच्या न्हाणीघरात आमच्या ठेकेदाराला एक उघडणारं झाकण सुचत नाही. गिझरच्या जोडापाशी, फ्लशच्या मागे, प्रत्येक न्हाणीच्या लाइनला स्वतंत्र कॉक आणि तिथे हात जाईल एवढी झडप. मागितली तर म्हणतात, "लुक जाते ताई." जाऊ द्या.

आपल्या भागात आणखी एक भानगड आहे, काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोता त्याच्याबरोबर थोडा वर-खाली होतो. भिंतींना दरवर्षी त्याच जागी तडा का जातो, याचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं. अशा घरात आधीच दुबळा झालेला, लेप लावलेला पाइप किती टिकेल? पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत बघितलेले उपाय इथे जसेच्या तसे चालत नाहीत ते यामुळे.

आता पैशाचं. भोक ज्यानं पाडलं त्यानं भरून द्यावं, हे सरळ आहे. तरी आपण भिडेखातर गप्प बसतो, "गरीब माणूस आहे" म्हणतो. गरीब माणसाकडून टाइलचे पैसे घेऊ नका, मीही घेत नाही. पण त्याला पाठवणाऱ्या दुकानदाराला, कंपनीच्या सेंटरला फोन करा, बसवणीची पावती मागा, त्यावर नुकसान झाल्याचं लिहून घ्या, फोटो काढा. सेवेतली त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि जिल्हा आयोग वर्ध्यालाच आहे. ज्यांच्या मुलींनी नागपूर-पुण्यात नवे फ्लॅट घेतलेत त्यांनी हे कळवून ठेवा: २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत किंवा सेवासुविधांत दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो तीस दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. अर्थात स्वतः ड्रिल मारून पाडलेलं भोक त्यात येत नाही. आणि सोसायटीत आपल्या न्हाणीतून खालच्याकडे गळलं तर आदर्श उपविधींप्रमाणे तो खर्च आपलाच असतो, तिथे सेक्रेटरीशी भांडून उपयोग नाही.

आर्वीत मात्र बहुतेक घरं मिस्त्रीला काम देऊन बांधलेली. तिथे कायद्यापेक्षा शेवटचा हप्ता जास्त कामाचा. गिलावा चढण्याआधी सगळ्या लाइनवर हातपंपानं दाब देऊन, काटा उतरत नाही हे घरच्या बाईला दाखवायचं, आणि मगच प्लंबरचे शेवटचे पैसे. त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी मापाची पट्टी धरून, जमिनीपासून किती उंच आणि कोपऱ्यापासून किती लांब ते दिसेल असा. फोनमध्ये ठेवलेला फोटो फोनबरोबर जातो. छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. फोटो नसेल तर निदान एवढं पाळा: नळाच्या, गिझरच्या, शॉवरच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ आडव्या रेषेत ड्रिल लावू द्यायचं नाही, पाइप बहुधा त्याच रेषेत असतो. माणूस "काही होत नाही" म्हणाला तरी नाही.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, मंदिरातच दोघी-तिघींनी घेतला. चातुर्मासात भिंत फोडायची? दशलक्षणात छन्नी-हातोडा? आरंभ नको, जीवहिंसा होते. आक्षेप खोटा नाही. भिंत फोडताना मुंग्या मरतात, सापटीतले किडे मरतात. पण गृहस्थाला आरंभी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, ती कमीत कमी व्हावी एवढा यत्न त्याच्या हातात आहे. चार महिने पाझर चालू ठेवला तर त्या भिंतीत जीव वाढत राहणार आणि शेवटी भिंत फोडणारच, तेव्हा कितीतरी जास्त मरणार. उशीर केल्यानं हिंसा टळत नाही, वाढते. नवी खोली बांधायला चातुर्मासात नको म्हणा, मी तुमच्याबरोबर आहे. गळका पाइप त्या यादीत घालू नका. फोडण्याआधी कुंचल्यानं जागा हळू झाडून घ्या, मुंग्यांची रांग असेल तर एक दिवस थांबा, दिवसाउजेडी काम करा, रात्री बल्ब लावून नको.

आणि भाद्रपद शुद्ध पंचमीलाच पाइप फुटला, घरात दहा उपवासवाली आहे, प्लंबर मिळत नाही, तर त्या लाइनचा कॉक बंद करा. दहा दिवस त्या न्हाणीत बादलीनं पाणी न्या. भिंत क्षमावाणीनंतर फोडा. कॉक मात्र त्याच दिवशी.